तीन किलोमीटरची शाळा



तुमच्यापैकी शाळेत चालत कोण कोण जातं? हात वर करा पाहू! बरं, आता सायकलवाले? आणि रिक्षा, व्हॅन, नाहीतर बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जाणारे? पाहिलंत, बहुतेक हात आत्ताच वर गेले!

आज मी तुम्हाला एका वाटेची सहल घडवणार आहे. घाबरू नका, डबा, पाण्याची बाटली, स्वेटर असलं काही बरोबर घ्यायला नको. या वाटेवर बर्फाचे डोंगर नाहीत की समुद्र नाही. पुण्यातल्या शिवाजीनगरपासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठापर्यंतची ही साधी वाट. अंतर म्हणाल तर तीन किलोमीटरच्या आसपास. पुण्यातले लोक तिथून रोज जातात आणि ‘काय ही गर्दी!’ म्हणून कपाळाला हात लावतात. पण गेल्या हिवाळ्यात मी या वाटेवरून लागोपाठ तीन सकाळी चालले. बरोबर माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. मी तिची बाई. पण त्या तीन दिवसांत कोणी कोणाला शिकवलं, ते तुम्हीच ठरवा.

तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला चिऊ म्हणू.

पायवाटेवरचा वर्ग

डी.एड. झाल्यावर मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. जीप मला फाट्यावर सोडायची. तिथून पुढे दीड किलोमीटर पायवाट. फाट्याजवळच्या वस्तीवरून सात-आठ मुलांची टोळी निघायची, आणि मी त्या टोळीत सामील व्हायचे. चिऊ तेव्हा तिसरीत होती. डोक्याला चप्प तेल, दोन वेण्या आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

“बाई, खेकडा तिरपाच का चालतो?”

“बाई, नागलीच्या कणसाची बोटं कोणी मोजली का?”

“बाई, पाऊस पडायच्या आधी मुंग्यांना कसं कळतं?”

निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला यायची नाहीत. मग मी म्हणायची, “उद्या सांगते हं,” आणि रात्री पुस्तकं चाळत बसायची. तेराचा पाढा आम्ही त्या वाटेवर पाठ केला. ओढा ओलांडताना एकेका दगडावर पाय ठेवत, “तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस...” खरं सांगते, वर्गात मी जेवढं शिकवलं, त्याच्या निम्मं तरी त्या पायवाटेवर शिकवलं असेन.

पुढे चिऊ आठवीला चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात जाऊ लागली. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. तशी तिलाही मिळाली. पहिल्याच दिवशी दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण आठ दिवसांत उतारावर दोन्ही हात सोडून चालवायला लागली. (तुम्ही असं करायचं नाही!) मग ती नाशिकला गेली, बी.एस्सी. झाली. आणि तिच्या वस्तीवरून पहिल्यांदाच एक मुलगी एम.एस्सी. करायला पुण्याला गेली. विषय वनस्पतीशास्त्र. आमच्या शाळेत आम्ही पेढे वाटले.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एके रात्री तिचा फोन आला. आवाज ओळखूच येईना.

“बाई, मला परत यायचंय.”

“का गं? कोणी काही बोललं का?”

“नाही.”

“अभ्यास जड जातो?”

“माहीत नाही, बाई. सकाळी उठावंसंच वाटत नाही.”

एवढंच. जिची टकळी थांबवायला मला फळ्यावर डस्टर आपटावं लागायचं, ती मुलगी एवढं बोलून गप्प झाली. तिचे आई-वडील त्या दिवसांत दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेले होते. त्यांना तिनं काही कळवलं नव्हतं. ‘त्यांना उगीच घोर लागेल,’ म्हणून.

पुढच्याच आठवड्यात मला सुट्टी होती. माझी ताई शिवाजीनगरला राहते आणि चिऊची खोलीही तिथून जवळच. मी पिशवी भरली आणि पुण्याची गाडी धरली.

पहिली सकाळ : शिमला ऑफिस आणि एक शिवी

चिऊ वाळली होती. खोलीची खिडकी बंद, परदा ओढलेला. रोज कशी जातेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बसनं. नाहीतर उशीर झाला की रिक्षानं. बस अडकली की मी कानात ते घालून बसते. तिथं पोचते, तास करते, परत येते, झोपते.”

“चालत का जात नाहीस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला पोहत जायला सांगितलं!

सकाळी सात वाजता आम्ही निघालो. थंडी मस्त होती. रस्त्याच्या सुरुवातीलाच शेतकी महाविद्यालयाचं आवार लागतं. पुढे एक जुनी देखणी दगडी इमारत. बसवरची पाटी म्हणते, ‘शिमला ऑफिस’. आता पुण्यात शिमला कुठून आलं? गंमत आहे. भारताच्या हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी शिमल्याला होतं. ते १९२८ मध्ये पुण्याला आणलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडात ‘शिमला ऑफिस’ बसलं ते बसलंच. ‘आज पाऊस पडेल का?’ या प्रश्नाचा अभ्यास या इमारतीत शंभर वर्षांजवळ चाललेला आहे. मी म्हटलं, “बघ, तुझ्या मुंग्यांचा प्रश्न इथं विचारायला हवा होता!” चिऊ जेमतेम हसली.

हा सगळा गणेशखिंड रस्ता. खिंडीतल्या गणपतीवरून ते नाव पडलं. तुम्ही इतिहासात चापेकर बंधूंचा धडा वाचला असेल. पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली घरोघर झडत्या झाल्या, लोकांना फार जाच झाला. २२ जून १८९७ च्या रात्री गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून रँड परत निघाला, तेव्हा चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली ती याच रस्त्यावर. त्या घटनेची आठवण देणारं स्मारक इथं आहे. बसमधून शंभरदा जाऊनही चिऊनं ते पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? बस गर्दीत, मान मोबाइलवर.

आता सगळं छान छान होतं असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या मध्ये मेट्रोचे उंच खांब उभे आहेत. पदपथ एकदम संपतो, मग थोडा दिसतो, मग त्यावर मोटरसायकली लावलेल्या. धूर तर विचारू नका. आणि विद्यापीठ चौक! तिथला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. त्या चौकात चारी बाजूंनी गाड्या येतात. आम्ही दोघी रस्ता ओलांडायला दहा मिनिटं उभ्या. शेवटी पाऊल टाकलं, तर एक गाडीवाला करकचून ब्रेक दाबून ओरडला, “ए, गावाकडून आलात काय?” आणि वर एक शिवी.

मी त्याला चांगलं सुनावणार होते. पण चिऊचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. तिचे डोळे भरले होते. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली,

“बाई, खरंच आहे ना ते. गावाकडे आपण चालायचो, कारण गाडी नव्हती. इथं चालत गेले, तर सगळ्यांना कळेल की हिच्याकडे पैसे नाहीत.”

मुलांनो, मी पंधरा वर्षं शिकवते आहे. कुठल्याही प्रश्नावर ‘उद्या सांगते हं’ म्हणायची माझी सवय आहे. पण त्या दिवशी तेवढंही मला बोलता आलं नाही.

दुसरी सकाळ : वड, पुतळा आणि एक सायकल

दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही याची मला धाकधूक होती. पण खाली येऊन उभी! म्हणाली, “रात्री झोप लागली, बाई. खूप दिवसांनी.”

त्या दिवशी आम्ही मुद्दाम जरा लवकर निघालो आणि विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलो. काय सांगू! बाहेरचा गोंगाट मागे पडतो आणि एकदम झाडांची सावली सुरू होते. ४११ एकरांचं आवार आहे हे. मोठमोठे वड, पारंब्या जमिनीला टेकलेल्या. एका वडाखाली चिऊ थांबली. खाली पडलेलं एक लालबुंद फळ उचललं, नखानं फोडलं आणि माझ्यासमोर धरलं.

“बाई, हे एक फळ नाही. आत शेकडो फुलं आहेत, बारीक बारीक. वडाला फुलं येत नाहीत असं लोक म्हणतात ना? ती सगळी या पिशवीत लपलेली असतात. एक इवलीशी माशी, म्हणजे गांधीलमाशीच्या जातीतली, या भोकातून आत शिरते. तीच परागीकरण करते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी! माशी नाही तर वडाला बी नाही. वडाचं शास्त्रीय नाव फायकस बेंगालेन्सिस.”

एका दमात एवढं बोलली! मी आ वासून ऐकत होते. एकाएकी मला तिसरीतली चिऊ दिसली. फरक एवढाच, की आता प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं ती देत होती. आणि तिनं मला एकदाही ‘उद्या सांगते हं’ म्हटलं नाही.

मुख्य इमारत तुम्ही फोटोत पाहिली असेल, उंच मनोरा असलेली. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम इथं असायचा. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना ती बांधायला घेतली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये इथं विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जिथं एके काळी साध्या माणसाला फाटकातून आत जाता येत नव्हतं, तिथं आता पाड्यावरची मुलगी पाठीला दप्तर लावून जाते. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं आणि २०२२ मध्ये त्यांचा पुतळा इथं बसवला. आम्ही दोघी पुतळ्यासमोर उभ्या राहिलो. मला एकदम काहीतरी आठवलं.

“चिऊ, सावित्रीबाई शाळेत कशा जायच्या गं?”

“चालत. लोक शेण मारायचे, चिखल फेकायचे. म्हणून त्या एक लुगडं जास्तीचं बरोबर न्यायच्या.” तिसरी-चौथीत मीच तिला शिकवलेलं.

“आणि काल तुला एकच शिवी बसली, तर तू...”

मी पुढे बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ती वाट काही कोसभर लांब नव्हती. लांब होती ती लोकांच्या मनातली वाट. सावित्रीबाई ती रोज चालल्या, म्हणून आज तुमच्या-माझ्यासारख्या लाखो मुलींना शाळेची वाट मोकळी झाली.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग! पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ सायकलवरून आले. कॅरिअरला पुस्तकांची पिशवी, पँटच्या पायाला क्लिप. पोरं बाजूला होत “नमस्कार सर” म्हणत होती. ते मान डोलवत पुढे गेले.

“कोण हे?”

“दुसऱ्या विभागातले प्राध्यापक आहेत. कित्येक वर्षं सायकलनंच येतात म्हणे.”

“मग त्यांच्याकडे पैसे नसतील!” मी म्हटलं.

चिऊ खो खो हसली. किती दिवसांनी मी ते हसू ऐकत होते.

तिच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. गाडी नाही म्हणून चालावं लागणं, ही अडचण आहे. पाड्यावरच्या मुलांना बस मिळायलाच हवी. पण चालता येतं, सायकल चालवता येते, आणि आपण आपल्या मर्जीनं ती निवडतो, यात लाज कसली? ती तर ऐट आहे!

सायकलींचं शहर

संध्याकाळी ताईकडे जेवायला बसलो. ताईचे सासरे, म्हणजे घरातले आजोबा, ऐंशीच्या पुढचे. विषय निघाल्याबरोबर त्यांची कळी खुलली.

“अगं, पुणं म्हणजे सायकलींचं शहर! सकाळी ऑफिसला, कारखान्याला, कॉलेजला माणसं निघाली, की रस्ता घंटांनी नुसता किणकिणायचा. तासावर भाड्यानं सायकल मिळायची. नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागायचा सायकलला. रात्री दिवा नसला, तर पोलीस धरायचा. आणि डबलसीट बसलं, तरी!”

माझा भाचा कॉलेजात आहे. त्याला दहावीनंतर मोटरसायकल मिळाली. (तेव्हा त्याचं वयही झालं नव्हतं, पण ते राहू दे, ताई रागावेल!) कॉलेज घरापासून दीड किलोमीटर. तो म्हणाला, “मावशी, आता कोण जातं सायकलनं? २०१७-१८ मध्ये महानगरपालिकेच्या योजनेत भाड्याच्या सायकली आल्या होत्या. विद्यापीठात पण होत्या. मोबाइलनं कुलूप उघडायचं. लोकांनी मोडतोड केली. थोड्या दिवसांत सगळं गुंडाळलं.”

“सायकल मोडली, पण पाय तर आहेत ना?” आजोबा म्हणाले. “महर्षी कर्वे माहीत आहेत का रे तुला?”

आणि त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. १८७५ साली सहावीची परीक्षा द्यायची, तर केंद्र साताऱ्याला! भर पावसात, डोंगर-घाट ओलांडत, शंभर मैलांहून जास्त वाट हा मुलगा चालत गेला. आणि तिथल्या साहेबांनी काय करावं? ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस,’ म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! वय भरलेलं होतं, पण अंगकाठी लहान. बिचारा आला तसा परत गेला.

पण चालणं काही थांबलं नाही. पुढे कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९०० साली त्यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला विधवा मुलींसाठी झोपडीत आश्रम उभा केला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी काही मैल चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, तिथल्या मुलींना शिकवायला. सकाळी पुन्हा कॉलेज. १९१६ मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ काढलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं.

आजोबा म्हणाले, “विद्यापीठात चालत जाणारे पुष्कळ असतील. या माणसानं चालत चालत विद्यापीठच उभं केलं!”

चिऊ ताटातलं बोट तसंच ठेवून ऐकत होती.

हात धुवायला उठलो तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, “जिन्याखाली एक सायकल पडून आहे. याची. दहावीपर्यंत चालवायचा.”

तिसरी सकाळ : पंक्चर, तेल आणि थोडं गणित

जिन्याखाली पाहिलं तर काय! एक नाही, तब्बल सहा सायकली. कोणाची हवा गेलेली, कोणाच्या हँडलला कोळ्याचं जाळं, एकीच्या बास्केटमध्ये जुनी वर्तमानपत्रं. आम्ही भाच्याची सायकल बाहेर ओढली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, दोन ठिगळं लावली, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल सोडलं, सीट खाली केली. मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा बसवला. ताईनं भाच्याचं हेल्मेट काढून दिलं.

चिऊनं टांग टाकली. पहिले दोन पेडल डगमग डगमग, आणि मग सुटली! मी आपली मागून चालत. विद्यापीठ चौकात मात्र ती शहाण्यासारखी उतरली आणि सायकल हातात धरून, सिग्नल पडल्यावर पलीकडे गेली. फाटकाशी माझी वाट पाहत उभी राहिली. गाल थंडीनं लाल झाले होते.

मग वडाच्या पारावर बसून आम्ही गणित मांडलं. तुम्हीही वही घ्या!

चालत जायला ४० मिनिटं लागली. यायला ४०. एका दिवसाचे ८०. आठवड्याचे पाच दिवस धरले, तर ४०० मिनिटं. सायकलनं जायला १५, यायला १५, म्हणजे दिवसाचे ३० आणि आठवड्याचे १५०.

आता गंमत पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय, की मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटं अंगाला बऱ्यापैकी श्रम होतील असा व्यायाम करावा. म्हणजे नुसतं कॉलेजला जाता-येता चिऊचा आठवड्याचा व्यायाम पुरा! तुमच्यासाठी, म्हणजे ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, त्यांनी रोज सरासरी ६० मिनिटं सांगितली आहेत. त्यात खेळणं, पळणं, सायकल, शाळेत चालत जाणं सगळं आलं. करा हिशेब, तुमचे किती होतात!

पण हा व्यायाम नुसता पायांचा नाही. आपण भरभर चालतो, तेव्हा हृदय जोरात काम करतं, मेंदूकडे जाणारं रक्त वाढतं, मरगळ जाते. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं, की शरीराच्या आतलं घड्याळ लागतं. त्यामुळे रात्री झोप वेळेवर येते. चिऊला दुसऱ्याच दिवशी झोप लागली, त्यात या उन्हाचाही वाटा असणार. शिवाय समोरासमोर बसून ‘बोल, तुला काय झालंय?’ असं विचारलं, तर कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. पण शेजारी-शेजारी चालताना, नजर पुढच्या रस्त्यावर असताना, मनातलं आपोआप बाहेर येतं. अनुभव घेऊन पाहा.

चिऊनंही त्या पारावर सगळं सांगितलं. वर्गात सगळे इंग्रजीतून बोलतात. प्रश्न विचारला आणि इंग्रजी चुकलं तर हसतील, म्हणून ती प्रश्नच विचारत नव्हती. मग समजत नव्हतं. समजत नव्हतं म्हणून मागच्या बाकावर. मागच्या बाकावर म्हणून मैत्रिणी नाहीत. डबा एकटीनं. मग खोली, परदा, झोप. बघा, एक टाका सुटला की सगळी शिवण कशी उसवत जाते!

मी तिला म्हटलं, “परत यायचं असेल, तर ये. शाळेचं दार उघडं आहे. पण आधी एक कर. तुझ्या विभागातल्या मॅडमना हे सगळं, आत्ता मला सांगितलंस तसं, सांग.”

ती त्याच दिवशी गेली. मॅडमनी तिला समुपदेशकांकडेही पाठवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. चालणं, सायकल चालवणं हे औषधासारखं आहे, पण सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे. मन फार दिवस उदास असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर ते मोठ्या माणसाला सांगायलाच हवं. सरकारची ‘टेली-मानस’ नावाची मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६. तिथं फोन केला, की बोलायला माणूस भेटतं. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातो ना? मनाचंही तसंच.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमची काळजी मला समजते. रस्ते पाहून माझ्याही पोटात गोळा येतो. लहान मुलांना एकटं सोडा, असं मी म्हणणार नाही. पण चार घरची मुलं मिळून एक पालक बरोबर चालत जाऊ शकतो. आळीपाळीनं. आठवड्यातून दोन दिवस जमलं, तरी चालेल. मोठ्या मुलांना सायकल द्यायची, तर ब्रेक, घंटी, दिवे तपासून द्या, हेल्मेट द्या, आणि कानात काही घालून चालवायची नाही हे बजावा. आपल्या भागातला पदपथ मोडला असेल, तर तक्रार करा. मुलांची वाट नीट असावी, हे मागणं काही जास्तीचं नाही. आणि परीक्षेत मार्क पडले म्हणून वय होण्याआधी मोटरसायकल देऊ नका. हे मी ताईला सांगितलंच आहे!

आणि मग?

चिऊ परत आली नाही! म्हणजे सुट्टीत आली, पण पुणं सोडून आली नाही. पहिल्या सत्रात एक विषय राहिला, तो तिनं नंतर सोडवला. इंग्रजी अजून अडखळतं, पण ती प्रश्न विचारते. घाटात कुठेशी राहणारी तिच्या वर्गातली एक मुलगी आता शिमला ऑफिसपाशी तिला भेटते. दोघी कधी चालत जातात, कधी सायकलनं. जी वाट तिला लाजेची वाटत होती, त्याच वाटेवर तिला मैत्रीण मिळाली. गावातली तिची आठवीतली सायकल आता धाकटा भाऊ चालवतो. मी रोज पाहते त्याला, हात सोडून जातो, अगदी बहिणीसारखा.

परवा फोनवर म्हणाली, “बाई, तुम्हाला आठवतं का, आपल्या वाटेवर ओढ्याचे दगड किती होते?”

“नाही गं.”

“तेरा. म्हणून तर आपण तेराचा पाढा म्हणायचो!”

पाहा! मी इतकी वर्षं ते विसरूनच गेले होते.

आणि भाचा? आठवड्यातून दोनदा सायकल काढतो म्हणे. पेट्रोल महागलं म्हणून, की चिऊनं चिडवलं म्हणून, ते काही तो सांगत नाही.

तर मुलांनो, आता तुमच्यासाठी गृहपाठ. एक : तुमच्या जिन्याखाली, गॅलरीत, माळ्यावर किती सायकली धूळ खात पडल्यात, ते मोजा. एक तरी बाहेर काढा. दोन : या आठवड्यात एक दिवस शाळेत, क्लासला नाहीतर आजीकडे चालत जा. बरोबर कोणाला तरी घ्या. तीन : त्या वाटेवर आजवर कधीच न दिसलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा. एखादं झाड, एखादी जुनी पाटी, एखादा माणूस.

आणि त्यातलं काही समजलं नाही, तर वर्गात बाईंना विचारा. त्या म्हणतील, ‘उद्या सांगते हं!’

रागावू नका त्यांच्यावर. त्या रात्री पुस्तक चाळत बसणार आहेत.